स्कूबीकडचे पाहुणे

"आत्या, हे आजोबा खरे आहेत की काढलेले?"

न्यू जर्सीत, एडिसनमधल्या दादाच्या घरी बसलो होतो. बाहेर रस्त्याच्या कडेला बर्फाचे मळकट ढीग, आत हीटरची घरघर, आणि फोडणीच्या धुरानं अलार्म वाजू नये म्हणून वहिनीनं स्वयंपाकघराची खिडकी फटभर उघडी ठेवलेली. भाची पांघरुणात पाय घालून, मांडीवर चिवड्याची वाटी घेऊन स्कूबी-डू बघत होती. 'स्कूबी-डू अँड गेस हू' ही नवी मालिका. दर भागात कुणीतरी नामवंत पाहुणा येतो आणि शॅगी, स्कूबी, व्हेल्मा, डॅफ्नी, फ्रेड यांच्याबरोबर भुतामागे धावतो. त्या दिवशी व्हेल्मा 'जेपर्डी' या प्रश्नमंजूषेत उतरली होती आणि समोर पांढऱ्या केसांचा, सुटातला सूत्रसंचालक उभा होता. चित्रातलाच, पण बाकीच्यांपेक्षा त्याचा चेहरा जरा जास्त माणसासारखा. भाचीला ते जाणवलं असणार. मी म्हटलं, "दोन्ही. खरे पण आणि काढलेले पण." तिचं समाधान झालं नाही. तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला, "खरे होते गं." गॅस बंद केल्याचा आवाज झाला आणि ती हात पुसत बाहेर येऊन सोफ्याच्या मागे उभी राहिली. दादानं लॅपटॉपमधून मान वर केली, पडद्याकडे बघितलं, काही बोलला नाही. भाग संपेपर्यंत वहिनी उभीच होती. शेवटी मुखवटा उतरला, भूत कोण होतं ते कळलं, भाचीनं टाळ्या वाजवल्या. वहिनीचं मात्र त्या भुताकडे लक्ष नव्हतं.

तो सूत्रसंचालक म्हणजे ॲलेक्स ट्रेबेक. त्याचं नाव मला बातमीपुरतं माहीत होतं. १९८४ पासून तो कार्यक्रम चालवणारा माणूस २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कर्करोगानं गेला, एवढंच. एकच चेहरा, एकाच खोलीत, आणि बघणाऱ्या तिघींना तीन निराळी माणसं दिसली. भाचीला एक छान आजोबा दिसले. मला एक बातमी दिसली. वहिनीला कोण दिसलं, ते मला त्या क्षणी कळलं नाही, आणि तेच रात्रभर डोक्यात राहिलं.

कारण मीही एके काळी भाचीच्या जागी बसलेली होते. सांगलीत, आमच्या गल्लीत केबलवाल्यानं पत्र्यांवरून वायरी फिरवल्या आणि कार्टून नेटवर्क घरात आलं, ती १९९५ नंतरची वर्षं. उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, वर पंखा गरम हवा ढकलतोय, शहाबादी फरशीवर पालथं पडून आम्ही टीव्ही बघायचो. तेव्हा सगळं इंग्रजीतच असायचं. आम्ही मराठी शाळेतली मुलं, त्यातलं आम्हाला फार थोडं कळायचं. रात्री त्याच चॅनलवरची कार्टून संपून जुने इंग्रजी चित्रपट लागायचे, मग आई उठून टीव्ही बंद करायची. स्कूबी-डूला भाषा लागत नसे, हे आमचं भाग्य. जुना बंगला, वीज चमकणं, दाराची कुरकुर, शॅगी आणि स्कूबीचे पाय जागच्या जागी गरागरा फिरून मग पळणं. कोण घाबरलंय, कोण लपलंय, कोण पकडलं गेलंय, सगळं दिसत होतं.

पण मधूनच काही भाग लागायचे ते निराळे असायचे. ते लांब असायचे, आणि त्यांत एक जास्तीचं माणूस असायचं. गाडीतून कुठेतरी जाताना हे माणूस भेटायचं आणि चौघं आणि कुत्रा त्याला बघून असे काही हरखायचे की बास. टीव्हीतल्या टीव्हीत न दिसणारे लोक हसायचे. त्या काळी अमेरिकेत शनिवार सकाळच्या कार्टूनांनाही मागून ध्वनिमुद्रित हशा जोडत, हे पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, त्या खोक्यात आत कुठेतरी माणसं बसलीयत आणि त्यांना असं काहीतरी माहीत आहे जे आपल्याला माहीत नाही. एक काटकुळा, डोळे बाहेर आलेला, मानेची शीर ताणलेला इसम नुसता दारात उभा राहिला की ती आतली माणसं हसायची. दादा आणि मी एकमेकांकडे बघायचो. यात हसण्यासारखं काय झालं? मग तो इसम थरथरायला लागायचा आणि आम्हीही हसायचो. त्या हशानंतर दोन-तीन क्षणांनी, पण मनापासून.

तो डॉन नॉट्स होता, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मालिकेचं नाव 'द न्यू स्कूबी-डू मूव्हीज'. सप्टेंबर १९७२ ते ऑक्टोबर १९७३ या काळात सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर तिचे २४ भाग दाखवले. १९६९ ची मूळ मालिका अर्ध्या तासाची, ही तासाची. जाहिराती वगळल्या तरी चाळीस मिनिटांच्या वर. एवढा वेळ भुताच्या एका गोष्टीनं भरत नाही, म्हणून पाहुणे. डॉन नॉट्स दोनदा आला. त्यातल्या एका भागात तो ज्यूनबेरी नावाच्या गावात पोलिसाच्या वेषात आहे. अमेरिकेतल्या आईबापांना ते बघताच साठच्या दशकातलं, टीव्हीवरचंच मेबेरी नावाचं एक गाव आठवत असणार. तिथला भित्रा, फुशारकी मारणारा डेप्युटी बार्नी फाइफ त्यानं रंगवला होता आणि त्या एका भूमिकेसाठी त्याला टीव्हीचे पाच एमी पुरस्कार मिळाले होते. म्हणजे त्या दारात एक माणूस उभा नव्हता, त्याच्यामागे अख्खं गाव उभं होतं. आम्हाला सांगलीत त्यातलं काहीच दिसलं नाही. आम्हाला दिसली ती थरथर. आणि मी हे पूर्ण विचार करून लिहिते आहे, की आम्हाला कमी दिसलं असं मला वाटत नाही. एखादा नट कीर्ती, नाव, आधीच्या भूमिका, पुरस्कार असं सगळं बाजूला ठेवून केवळ रेघांमधून आणि आवाजातून आमच्या फरशीवर उतरला आणि तरीही आम्ही हसलो, तर त्याच्या कलेला दिलेली याहून निखळ दाद कुठली?

पुढे दादाचा एक सहकारी भेटला, ओहायोत वाढलेला. त्यानंही ही मालिका पुनःप्रक्षेपणातच पाहिलेली. तो म्हणाला, आम्हालाही यातलं कुणी माहीत नव्हतं, विनोदी कलाकार फिलिस डिलर ही कार्टूनवाल्यांनीच बनवलेली बाई आहे असं मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होतो. मला हे ऐकून फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की आपण लांबचे म्हणून आपल्याला कळलं नाही. खरी गोष्ट अशी की अंतर मैलांचं नव्हतंच, वर्षांचं होतं. ओहायोतला तो मुलगा आणि सांगलीतली मी त्या पाहुण्यांपासून जवळपास सारख्याच अंतरावर बसलो होतो.

आमच्या घरात एकदाच उलटं झालं. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले असायचे आणि कार्टूनकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. एका दुपारी हिमगौरीच्या गोष्टीत असतो तसा बर्फाळ डोंगर, तिथलं एक विश्रामगृह, आणि त्यात दोन नोकर, एक जाडा, एक बारीक. बाबांचा पेपर खाली आला. "अरे, जाड्या-रड्या!" ते खुर्ची सोडून आमच्याजवळ फरशीवर येऊन बसले. लहानपणी तंबूच्या टॉकीजमध्ये, वाळूवर बसून, त्यांनी लॉरेल-हार्डी पाहिले होते. जाड्या टायचं टोक बोटांनी हलवायला लागण्याआधीच बाबांनी आपल्या सदऱ्याची कॉलर तशी हलवून दाखवली. रड्यानं डोक्यावरचे केस वर ओढले तेव्हा बाबा आधीच हसत होते, खोक्यातल्या माणसांच्याही आधी. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी त्या अदृश्य लोकांच्या बरोबरीनं, त्यांच्याही पुढे होतं. आम्ही भाग बघायचा सोडून बाबांकडेच बघत बसलो. ओळखीचं माणूस भेटल्यावर चेहरा कसा होतो ते आम्ही बघत होतो. मग मध्येच ते थांबले आणि म्हणाले, "पण हे दोघं तर केव्हाच गेले ना?" खरंच होतं. ऑलिव्हर हार्डी १९५७ मध्ये आणि स्टॅन लॉरेल १९६५ मध्ये गेला, आणि हा भाग १९७२ चा. आवाज दुसऱ्यांनीच दिले होते, जिम मॅकजॉर्ज आणि लॅरी हार्मन यांनी. बाबांना ही नावं माहीत असायचं कारण नाही. पण आवाज परका आहे हे त्यांना जाणवलं असावं, कारण ते थोड्या वेळानं उठले आणि पुन्हा पेपरकडे गेले. नाराज होऊन नव्हे. भेट झाली होती, आणि ती पूर्ण भेट नव्हती, दोन्ही एकदमच.

या मालिकेत आवाजांचे असे पुष्कळ खेळ आहेत. बॅटमॅन आणि रॉबिन येतात तो भाग आमच्या गल्लीत सगळ्यांत गाजलेला, कारण तेवढेच दोघं आम्हाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी क्रिकेट न खेळता सगळे तेच खेळले. त्यातला रॉबिन आणि शॅगी या दोघांचाही आवाज एकाच माणसाचा, केसी केसमचा. शॅगी रॉबिनशी बोलतो तेव्हा एक माणूस स्वतःशीच बोलत असतो. हे वाचल्यावर मी तो भाग डोळे मिटून पुन्हा ऐकला. तरीही ते दोघं मला दोनच वाटले. दुसरा एक पाहुणा जेरी रीड, गिटारवाला. नाट्यगृहात त्याचं एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजत राहतं आणि तो स्वतः गायब असतो. त्या गाण्याचे शब्द मला तेव्हा एकही कळले नव्हते, चाल अजून येते. आमच्या आईलाही यायची, ओट्याशी भाकरी थापताना ती गुणगुणायची. तो नॅशव्हिलमधला नाणावलेला वादक आहे याची तिला कल्पनाही नव्हती.

मोठेपणी ही सगळी माणसं एकेक करून खरी व्हायला लागली. हा अनुभव नीट सांगता येईल का, मला शंका आहे. कुठलासा मृत्युलेख वाचावा आणि त्यातल्या फोटोत ओळखीचे डोळे दिसावेत. डॉन नॉट्स २००६ मध्ये गेला तेव्हा असं झालं. फिलिस डिलर २०१२ मध्ये, दुसरा एक पाहुणा, विनोदी नट जोनाथन विंटर्स २०१३ मध्ये. त्यांची जिवंतपणची कीर्ती मला कधी भेटलीच नाही. ते खरे होते हे मला ते गेल्याच्या बातमीतून कळलं. लहानपणी जी पात्रं कायमची आहेत असं गृहीत धरलेलं होतं, त्यांना वय होतं, घरं होती, आजार होते. आनंद झाला की वाईट वाटलं, हे ठरवता येत नाही. दोन्हींच्या मधली काहीतरी कळ आली.

आणि मग कॅस इलियट.

तिचा भाग १९७३ चा. त्यात ती एका गोळ्या-चॉकलेटांच्या कारखान्याची मालकीण आहे आणि कारखान्यात हिरवी, गिळगिळीत भुतं वावरतायत. आम्हाला तो भाग भयंकर आवडायचा. गोळ्यांचे डोंगर, चॉकलेटचे हौद, आणि त्यात ही गोल चेहऱ्याची, मोकळ्या केसांची, प्रेमळ आवाजाची बाई. तिच्या जाडेपणावर आणि खाण्यावर विनोद आहेत त्यात. लहानपणी ते विनोद आम्हाला इतर विनोदांसारखेच वाटले, कारण आमच्या लेखी ती रेघांची होती. रेघांना काही लागत नाही. पण ती 'द ममाज अँड द पपाज'मधली गायिका होती, साठच्या दशकातल्या अमेरिकेतला एक फार मोठा आवाज. आयुष्यभर लोक तिच्या गाण्याइतकंच तिच्या अंगाबद्दल बोलले. हा भाग दाखवल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जुलै १९७४ मध्ये, लंडनमध्ये झोपेत हृदय बंद पडून ती गेली. ३२ वर्षांची होती. सँडविच घशात अडकून मेली अशी अफवा लगेच पसरली. शवचिकित्सेत तिच्या श्वासनलिकेत अन्नाचा कणही सापडला नव्हता, तरी ती अफवा पुढे कित्येक दशकं चालू राहिली. उपाशी राहून वजन उतरवण्याच्या धडपडीनं जिचं शरीर थकलं होतं, तिच्या मृत्यूचाही लोकांनी खाण्याचा विनोद केला.

हा भाग मी आता बघते तेव्हा खोक्यातला हशा मला सहन होत नाही. फिलिस डिलर स्वतःच्या रूपावर विनोद करते तिथे असं होत नाही. तो तिचा स्वतःचा धंदा होता, ते विनोद तिनंच रचले, वाढवले, त्यावर ती उभी राहिली. कॅस इलियटला तिचं चित्र दुसऱ्यांनी काढून दिलं आणि ती त्यात आवाज घालायला आली. तरी आवाज ऐका तिचा. त्या सुमार संवादांमधूनही काय ऊब आहे त्यात! मुलांशी बोलावं तशी ती स्कूबीशी बोलते. आमच्या गल्लीतल्या मुलांना ती आवडली ती या आवाजामुळे, विनोदांमुळे नव्हे, एवढं मी आज खात्रीनं सांगू शकते. कारण विनोद इंग्रजीत होते आणि ते आम्हाला कळतच नव्हते.

या मालिकेवर जीव असणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. पाहुण्यांनी रहस्य खाल्लं. तासभराच्या भागात पाहुण्याच्या करामतींना इतका वेळ जातो की संशयित म्हणून जेमतेम एखादा माणूस उरतो, आणि पाहुणा तर कधी गुन्हेगार निघत नाही, निदान आम्ही पाहिलेल्या एकाही भागात निघाला नाही. मग उकल काय करायची? ही तक्रार मला मान्य आहे. मूळ मालिकेतला एखादा भाग अजूनही घट्ट विणलेला वाटतो, यातले बरेचसे सैल आहेत. पण त्या सैलपणातच शॅगी आणि डॉन नॉट्स, दोघंही घाबरट, एकमेकांना धीर देत बसलेले दिसतात. रहस्य घट्ट असतं तर त्यांना बसायला वेळ मिळाला नसता. दुसरी तक्रार नव्या मालिकेबद्दल, २०१९ ते २०२१ मधल्या ५२ भागांबद्दल. 'हे कुणासाठी?' पाहुण्यांत वियर्ड ॲल यांकोविक, जॉर्ज टाकेई, मार्क हॅमिल, हूपी गोल्डबर्ग. आजच्या मुलांना ही माणसं ठाऊक नाहीत, ती त्यांच्या आईबापांची लाडकी. तक्रार करणारे विसरतात की १९७२ मध्येही हेच होतं. लॉरेल-हार्डी तेव्हाच्या मुलांचे कुठे होते? पाहुणा नेहमी मोठ्यांच्या ओळखीचाच असतो. तो घरात येतो, मोठी माणसं गडबडून उठतात, आणि मूल खाली बसून त्याच्याकडे बघतं. मुलानं काय बघायचं ते मूल ठरवतं.

खऱ्या माणसाचा चेहरा वापरला की मात्र त्याचे कागदही सोबत येतात. दादानं २०१९ मध्ये या जुन्या मालिकेचा संच विकत घेतला. त्याच्या वेष्टनावर छापलेलंच आहे, 'जवळजवळ संपूर्ण'. २४ पैकी २३ भाग आहेत. टीव्हीवरचं भुताळं ॲडम्स कुटुंब येतं तो भाग नाही, हक्कांच्या अडचणीमुळे. त्याआधीच्या २००५ च्या संचात तर १५ च होते. दादाला त्या एका भागाची जी रुखरुख लागून राहिलेली आहे, ती त्याला चांगली नोकरी आणि स्वतःचं घर मिळाल्यावरही गेलेली नाही. सांगलीत लहानपणी तो भाग आमचा वीज गेल्यामुळे अर्धाच बघून झाला होता. वेन्सडे नावाची हरवलेली मुलगी शेवटी सापडते कशी, हे त्याला बघायचंय. कुणाच्या तोंडून ऐकायचं नाहीये, बघायचंय.

वहिनीनं ट्रेबेकबद्दल दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं, चहा घेताना. ती लग्न होऊन इथे आली ती एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो त्या. त्या काळी त्या व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरी करता यायची नाही, २०१५ नंतर काहींना ती मुभा मिळाली. सांगली-मिरजेकडे कॉलेजात शिकवलेली बाई, इथे दिवसभर अपार्टमेंटमध्ये. गाडी चालवता यायची नाही, दादा रात्री यायचा. संध्याकाळी सात वाजता 'जेपर्डी' लागायचं. त्यात उत्तर आधी देतात आणि प्रश्न ओळखायचा असतो. तिनं एक वही केली होती, ऐकलेले नवे शब्द, नद्या, राष्ट्राध्यक्ष, सगळं त्यात. "अगं, दिवसभरात माझ्याशी इंग्रजीत नीट, सावकाश बोलणारा तो एकच माणूस होता," ती म्हणाली. "आणि चुकलेल्याला तो कधी हसला नाही." तो गेला तो नोव्हेंबरात, पण आधी चित्रित केलेले भाग ८ जानेवारी २०२१ पर्यंत लागत राहिले. टाळेबंदीचे दिवस, घराबाहेर पडायचं नाही, आणि गेलेला माणूस रोज सातला येतोय. तिनं ते सगळे बघितले. शेवटच्या दिवशीही वही घेऊन बसली होती.

तेव्हा मला सोफ्यामागे उभी राहिलेली वहिनी कळली. बाबांना जाड्या-रड्या भेटले तशी तिची भेट झाली होती, फक्त इथे आवाजही त्याचाच होता. स्वतः ट्रेबेकनंच तो दिलाय. हा एवढा फरक किती मोठा आहे, ते बाबांना बघितलेलं असल्यामुळे मला समजतं. आणि भाचीला यातलं काहीही न सांगता तिला ते आजोबा आवडले होते. का आवडले असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते ओरडत नाहीत." वहिनीनं वर्षानुवर्षं सात वाजता जे ओळखलं होतं, तेच हिनं एका भागात, काढलेल्या चित्रातून ओळखलं. म्हणूनच मला वाटतं, 'हा कोण आहे ते आधी मुलांना समजावून सांगा' असा आग्रह धरणाऱ्यांनी जरा थांबावं. सांगितलं की मूल मोठ्यांच्या डोळ्यांनी बघायला लागतं. न सांगता बसवलं की ते स्वतःच्या कानांनी ऐकतं.

त्या आठवड्यात आम्ही पुष्कळ भाग बघितले. नव्या मालिकेत शेर ही गायिका आहे, सागरी सफरीचा भाग. शेर १९७२ मध्येही आली होती, तेव्हाचा नवरा सॉनी बोनो याच्याबरोबर. त्या दोघांचा स्वतःचा कार्यक्रम तेव्हा त्याच सीबीएसवर चालू होता. ती २६ वर्षांची होती. १९७५ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला, सॉनी पुढे राजकारणात गेला, खासदार झाला, १९९८ मध्ये स्कीइंग करताना झाडावर आदळून गेला. शेर जवळजवळ पन्नास वर्षांनी स्कूबीकडे परत आली, एकटी. शनिवारी भाचीनं नवा भाग बघितला. रविवारी दादानं संचातून जुना काढला, तिला काही न सांगता. चित्रांची ढब वेगळी, रंग उडालेले, हालचाली अडखळत्या, केस काळेभोर आणि कमरेपर्यंत, शेजारी मिशांचा बुटका नवरा. शेर पहिलं वाक्य बोलली आणि भाचीनं वाटी खाली ठेवली. "ही तीच बाई आहे. कालचीच."

"कशावरून?" दादानं विचारलं.

"आवाज खालून येतो ना हिचा," ती म्हणाली, आणि स्वतःची हनुवटी गळ्याला टेकवून तसा आवाज काढून दाखवला. दादाला हसू आवरेना. तो म्हणाला, अजून एक जण दोन्हींत आहे, ओळख. तिनं शेवटपर्यंत प्रयत्न केला, जमलं नाही. तो फ्रेड. १९६९ पासून फ्रँक वेल्करच फ्रेडचा आवाज देतोय आणि २००२ पासून स्कूबीचाही. ते कळल्यावर तिनं दोन्ही भाग पुन्हा लावायला लावले आणि फ्रेड तोंड उघडेल तिथे तिथे आम्हाला सगळ्यांना गप्प केलं.

वहिनी म्हणाली, उद्या शाळा आहे, आता एकच. भाचीला बॅटमॅन हवा होता, दादाला जाड्या-रड्या. मी डॉन नॉट्स लावला, ज्यूनबेरीचा.